चहा झाला की माणूस चहा आणतं

मेडिकल दुकानात एक बरं असतं. तारीख उलटलेला माल वेगळ्या खोक्यात टाकायचा आणि कंपनीला परत पाठवून द्यायचा. किश्श्यांची तशी सोय नाही. ते साठत राहतात, परत कुणी घेत नाही आणि तारीखही उलटत नाही! आमच्या मुरुम गावच्या रविवार वाचन मंडळाचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. गिऱ्हाईक नसलं की मी काउंटरवर एकटीच हसत बसते आणि समोरच्या चपलेच्या दुकानातला माणूस माझ्याकडं संशयानं बघतो.

मंडळ म्हणजे फार काही नाही. मल्लिनाथ अण्णांचं कापडाचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत दर रविवारी दुपारी बसायचं आणि एकानं पुस्तक मोठ्यानं वाचायचं. एका बैठकीला दोन प्रकरणं. पाटोळे सर विज्ञान शिकवून रिटायर झालेले, हनीफभाई एसटीचे ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, अण्णा कधीच रिटायर न होणारे, आणि मी. येऊन-जाऊन आणखी दोघं-तिघं असतात, पण ते लग्नसराईत गायब होतात. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप चालतो. त्याची अॅडमिन मी. गावात मात्र आम्हाला वाचन मंडळ कुणी म्हणत नाही. "ते पुरावावाले" म्हणतात.

*

हे नाव पडलं हनीफभाईंमुळं.

त्यांनी एकदा ग्रुपवर टाकलं, पेरूची पानं उकळून पाणी प्या, एका आठवड्यात शुगर कायमची गायब. मी मेडिकलवाली! माझा पारा चढला. पण मी काही लिहायच्या आत पाटोळे सरांनी एकच शब्द टाकला, "पुरावा?"

पाच मिनिटांनी हनीफभाईंनी तोच मेसेज परत पाठवला. या वेळी मागं गुलाबाची फुलं होती. खाली लिहिलं, "हा घ्या. ह्यात फोटो पण हाय."

त्या रविवारी सरांनी नियम केला. दावा करणाऱ्यानं रविवारपर्यंत पुरावा आणायचा. नाही जमलं, तर उभं राहून स्वतःचा मेसेज स्वतःच्या तोंडानं सगळ्यांसमोर वाचायचा. दुसरी शिक्षा काही नाही.

हनीफभाई उभे राहिले, चष्मा लावला, घसा साफ केला. "एका आठवड्यात शुगर कायमची..." इथवर आले आणि थांबले. आमच्याकडं बघितलं. मग खाली बसत म्हणाले, "कायकू वाचायला लावता राव! हे म्या कुणाच्या तोंडावर म्हनलो तर मारतील की मला!"

खरं सांगते, तेव्हापासून मला त्या नियमाचा आदर वाटतो. अंगठ्यानं माणूस काहीही लिहितो. तोंडानं म्हणायची वेळ आली की निम्मं गळून पडतं.

*

अण्णांना टाइप करायचा कंटाळा. ते व्हॉइस मेसेज पाठवायचे, तेही दुकान चालवता चालवता. त्यामुळं आमच्या ग्रुपवरच्या वैचारिक चर्चेत मागून कापड फाडल्याचा टर्रर्र आवाज यायचा.

एकदा पुनर्जन्मावरून सर आणि अण्णांचं जुंपलं होतं. अण्णांचा मेसेज आला. "मास्तर, तुमचं समदं बरोबर हाय, पर आत्मा हा विषयच तुमच्या प्रयोगशाळेतला न्हाय... न्हाय न्हाय ताई, ह्याचा रंग जात न्हाय, गॅरंटी हाय, बिनधास्त न्या... तर मास्तर, आत्मा काय म्हणत होतो म्या?"

सरांनी आत्मा सोडून दिला. लिहिलं, "रंग जात नाही. पुरावा?"

सगळ्या ग्रुपनं हसून घेतलं. अण्णा मात्र पेटले. रविवारी त्याच ताग्यातलं लाल कापड कापून घेऊन आले आणि मांडीवर ठेवून बसले. "आणा पाणी!" म्हणाले. आम्ही म्हणालो, जाऊ द्या हो अण्णा, गंमत केली. तेवढ्यात घरात जाणारं आतलं दार उघडलं आणि अण्णांच्या बायको, संगम्मा, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो, भरलेली बादली घेऊन बाहेर आल्या. खोलीच्या मधोमध ठेवली. नवऱ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "पुरावा."

अण्णांनी कापड बुडवलं. दहा मिनिटांत पाणी सरबतासारखं गुलाबी झालं!

दुसऱ्या दिवशी तो तागा सोलापूरला परत गेला आणि त्या ताईंना अण्णांनी स्वतः घरी जाऊन दुसरं कापड दिलं. माणूस भांडेल, आवाज चढवेल, पण बादलीतलं पाणी गुलाबी झालं तर ते पांढरं आहे म्हणणार नाही. अण्णा हे असे आहेत.

*

अक्का बैठकीत कधी बसल्या नाहीत. माहेर कर्नाटकात, आळंदकडचं, चौथीपर्यंत कन्नड शाळेत गेलेल्या. मराठी झकास बोलायच्या, वाचायला मात्र अक्षराला अक्षर जुळवत बसायच्या. मी किती वेळा म्हणाले, "अक्का, या की बाहेर, बसा माझ्याशेजारी." उत्तर ठरलेलं, "गॅसवर दूध हाय." एवढं दूध त्या घरात कोण पितं, हे कोडं मला कधी सुटलं नाही.

त्यांचा चहा म्हणजे आमची मधली सुट्टी. एक प्रकरण संपायचं, पुस्तक मिटायचं, की आतून कपबशांचा आवाज यायचा. आलं घातलेला, गोड, आणि अण्णांच्या कपात साखर निम्मी, कारण त्यांच्या गोळ्या माझ्याच दुकानातून जायच्या.

एकदाच गडबड झाली. एक जाडजूड कादंबरी चालू होती. तिच्यातली थोरली सून पोराला झोपवते, भांडी घासून पालथी घालते आणि मागच्या दारानं कायमची घर सोडून निघते, ते प्रकरण मी वाचत होते. वाचता वाचता खोलीत दूध करपल्याचा वास आला. असला वास की डोळ्यांत पाणी यावं! प्रकरण संपलं तसे अण्णा तिथूनच ओरडले, "चहा एल्ली?" म्हणजे चहा कुठंय. आतून नेहमी "बंदे, बंदे" असं उत्तर यायचं, आले आले म्हणून. त्या दिवशी काहीच आलं नाही. बऱ्याच वेळानं अक्का कोरा चहा घेऊन आल्या.

"दूध कुठं गेलं?" अण्णांनी विचारलं.

"तिच्यासंगं गेलं," अक्का म्हणाल्या आणि ट्रे ठेवून आत गेल्या.

*

नळदुर्गच्या किल्ल्यातला नर-मादी धबधबा तुम्ही बघितला असेल. दोन धारा आहेत. त्यातली नराची धार डावीकडची की उजवीकडची, यावरून सर आणि अण्णांमध्ये महायुद्ध झालं. सर म्हणायचे डावीकडची, अण्णा म्हणायचे उजवीकडची. मेहुण्याचे फोटो आले, साडूचे फोटो आले. सरांनी लिहिलं, "आपला मुद्दा तर्कदुष्ट आहे." अण्णांनी तर्कदुष्ट म्हणजे काय हे मला फोन करून विचारलं आणि मग रागावले.

गंमत अशी, की ग्रुपवर एकमेकांची सालटी काढणारी ही दोन माणसं रोज संध्याकाळी बाजार समितीपर्यंत बरोबर फिरायला जायची. वाटेत त्या विषयावर चकार शब्द नाही. सर म्हणायचे, "तो विषय ग्रुपवरचा आहे."

शेवटी पाऊस चांगला झाला, धबधबा सुरू झाला, आणि दोघं हनीफभाईंना ड्रायव्हर करून नळदुर्गला गेले. संध्याकाळी दोघांचेही मेसेज आले. सरांनी लिहिलं, "प्रत्यक्ष पाहिले. माझेच खरे." अण्णांचा व्हॉइस मेसेज आला, "बघून आलो. म्या काय म्हनलो हुतो?" आणि दोघंही एकदम खूश! मला काही कळेना.

हनीफभाई दुसऱ्या दिवशी खोकल्याचं औषध घ्यायला आले तेव्हा खरा प्रकार कळला. सरांचे गुडघे दुखतात, म्हणून ते वरच, बंधाऱ्याच्या भिंतीवर थांबले. अण्णा खाली उतरून धबधब्याच्या समोर उभे राहिले. दोघांनी बोट केलं ते एकाच धारेकडं. वरून ती डावीकडं दिसते, समोरून उजवीकडं!

"मग तुम्ही सांगितलं का नाही त्यांना?" मी म्हणाले.

"ताई, मला गाडी चालवून परत यायचं हुतं. दोघं बी मागं बसून गाणं म्हणत हुते. कायकू सांगू?"

*

हनीफभाईंच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला तेव्हाची गोष्ट. अक्षर दिसेना, मग स्वतःची वाचायची पाळी सोडून ते नुसते येऊन ऐकत बसायचे. पुस्तक संपल्यावर मी ग्रुपवर पूर्ण करणाऱ्यांची नावं टाकली, त्यात हनीफभाईंचंही टाकलं. अण्णांनी लगेच हरकत घेतली, "ऐकणं म्हंजे वाचणं न्हाय. दुकानात येऊन नुसतं कापड बघून गेलेल्यानं कापड नेलं असं म्हणायचं का?"

मुद्दा बिनतोड होता. पण सर म्हणाले, रविवारी परीक्षा घेऊ.

हनीफभाई घाबरून नवा शर्ट घालून आले. सरांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. हनीफभाईंना सगळं येत होतं. नायकाच्या बहिणीचं नाव, विहिरीचं भांडण, सगळं. शेवटी सरांनी विचारलं, "नायक गावी परत कशानं येतो?"

"एस्टीनं," हनीफभाई म्हणाले. "पर त्यो लेखक कधी ष्टेरिंगवर बसलेला न्हाय. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करतो व्हय कुणी? समदे मेले असते की तिथंच! पुस्तक तिथंच संपलं असतं."

अण्णाच सगळ्यांत आधी हसले. आणि सरांनी तिथल्या तिथं मला ग्रुपच्या नियमांत लिहायला लावलं, "ऐकलेलं पुस्तक वाचलेलं धरलं जाईल." अण्णा हरले. तो नियम अजून तिथं आहे.

*

मागच्या वर्षी अक्का गेल्या. दोन दिवस ताप, मग उमरग्याचा दवाखाना, मग सोलापूरचा, आणि मग घरी परत आणलं ते तसंच. मी या माणसांबद्दल लिहिताना शक्यतो हसत लिहिते, पण इथं मला हसता येत नाही. मला त्या फार आवडायच्या.

दीड महिन्यानं अण्णांनी स्वतःच निरोप दिला, या रविवारी बसू. आम्ही बसलो. आतलं दार बंद होतं. मी घरून थर्मास घेऊन गेले होते, तो मध्ये ठेवला आणि ज्याला हवा त्यानं हवा तेव्हा ओतून घेतला.

मग ग्रुपवर मीच एक उद्योग केला. सहज विचारलं, मंडळाची आजवरची सगळी पुस्तकं पूर्ण केलेलं कुणी आहे का? उत्तरं आली. मी स्वतः नाही, दुकानाच्या पायी माझी कितीतरी बुडाली. हनीफभाई ऑपरेशनच्या वेळी नव्हते. सर थोरल्या मुलाकडं पुण्याला राहून आले होते. अण्णांचेही माल आणायला सोलापूरला जाण्यात कितीतरी रविवार गेले होते.

मग अण्णांनी लिहिलं. व्हॉइस नाही, टाइप करून.

"आमच्या हिनं केलती. सगळी."

आणि मिनिटाच्या आत खाली सरांचा मेसेज. "पुरावा?"

सर नंतर मला म्हणाले, ते बँकेच्या रांगेत होते, कुणी काय लिहिलंय ते नीट बघितलंच नाही. त्यांच्या मोबाइलवर 'पु' दाबलं की तो शब्द आपोआपच पुढं येतो, बोटाला सवय झालेली. लक्षात आल्याबरोबर त्यांनी मेसेज काढून टाकला. पण अण्णांनी तो वाचला होता. थोड्या वेळानं ग्रुपवर ओळ आली, मल्लिनाथ अण्णा ग्रुपमधून बाहेर पडले.

हनीफभाई लगेच दुकानात गेले. अण्णा गिऱ्हाइकाला कापड मोजून देत होते. मान वर न करता म्हणाले, "म्या गुलाबी पाण्याला पांढरं म्हनलो व्हय कधी? त्यानं तिच्या नावाम्होरं प्रश्न लावला, हनीफ. ती नसताना."

सरांनी फोन केले, अण्णांनी उचलले नाहीत. संध्याकाळचं फिरणं बंद झालं. सर एकटेच बाजार समितीपर्यंत जायचे आणि दुसऱ्या रस्त्यानं परत यायचे, कापडाचं दुकान लागू नये म्हणून. एकदा बीपीच्या गोळ्या घ्यायला आले आणि गोळ्या हातात घेऊन तसेच उभे राहिले. "वर्षाताई," म्हणाले, "मला गावात ओळखतात पुष्कळ. मित्र मात्र एकच आहे." मी गोळ्यांवर उगाच वेळा लिहून दिल्या. त्यांना त्या पाठ होत्या.

*

बैठक मग सरांच्या ओसरीवर व्हायला लागली. जीव नव्हता तिच्यात. एका रविवारी सर वाचत होते, कोर्टातला प्रसंग, साक्षीदार आता खरं सांगणार एवढ्यात त्यांची धाकटी सून चहाचा ट्रे घेऊन आली. "बाबा, गार होईल, आधी घ्या."

सर वाक्याच्या मध्येच थांबले. ट्रेकडं बघत राहिले.

"सूनबाई, तू आत्ता का आलीस?"

ती बिचारी दचकली. "चहा झाला म्हणून!"

"बरोबर," सर म्हणाले. "चहा झाला की माणूस चहा आणतं. तुझं काही चुकलं नाही." त्यांनी पुस्तक मिटून काखेत मारलं आणि पायात चप्पल घातली. "चला."

"कुठं?" हनीफभाईंनी विचारलं. पण सर फाटकापर्यंत पोचलेसुद्धा होते. गुडघे दुखणारा माणूस इतका भरभर चालताना मी पहिल्यांदाच बघितला.

अण्णा मागच्या खोलीत एकटेच बसले होते. आम्हाला बघून त्यांनी बसा म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. सर उभेच राहिले.

"अण्णा, नियमाप्रमाणं ज्याचा मेसेज त्यानं तो उभं राहून स्वतःच्या तोंडानं वाचायचा. मी वाचायला आलोय."

त्यांनी मोबाइल काढला. मग आठवलं असावं, तो मेसेज तर काढून टाकलाय. मोबाइल खिशात ठेवला आणि अण्णांच्या तोंडाकडं बघून तोंड उघडलं. एकच शब्द होता. तो त्यांना म्हणता येईना. दोनदा घसा साफ केला. शेवटी म्हणाले, "न्हाय जमत." आयुष्यभर शाळेतली मराठी बोललेला माणूस, पण त्या दिवशी "न्हाय" म्हणाला.

अण्णा खाली बघत होते.

"म्हणून पुरावा मीच आणलाय," सर म्हणाले. "मला एक सांगा. एवढी वर्षं आपण या खोलीत बसलो. चहा एकदा तरी प्रकरणाच्या मध्ये आला का?"

मी आठवत होते. हनीफभाई भिंतीकडं बघून आठवत होते. पावसात आठवलं, उन्हाळ्यात आठवलं, लहान प्रकरणं, लांबलचक प्रकरणं.

"एकदा बी न्हाय," हनीफभाई हळूच म्हणाले.

"कुठलं प्रकरण किती लांब, हे वाचणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. आत बसलेल्या बाईला कसं कळायचं? दाराशी बसून शब्द न् शब्द ऐकल्याशिवाय कळेल का? आणि ऐकलेलं पुस्तक वाचलेलं धरायचं, हा नियम आपलाच आहे. तुम्ही विरोध केला होता, मी मंजूर केला होता." सरांनी आतल्या बंद दाराकडं बघितलं. "सगळी पुस्तकं पूर्ण केलेलं आपल्या मंडळात एकच माणूस होतं, अण्णा. सिद्ध झालं."

अण्णा उठले, आतलं दार उघडलं आणि स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटवल्याचा आवाज आला. दाराच्या आतल्या बाजूला एक बसकं स्टूल होतं, ते ओढल्याचाही आवाज आला.

"बसा की मास्तर," ते आतूनच म्हणाले. "वाचा. हितनं ऐकू येतं का बघतो."

सर बसले. पुस्तक उघडलं आणि साक्षीदार जिथं थांबला होता तिथून वाचायला लागले. नेहमीपेक्षा मोठ्यानं, सावकाश. साक्षीदारानं खरं सांगितलं, कोर्ट उठलं, प्रकरण संपलं. सरांनी पुस्तक मांडीवर मिटलं आणि आम्ही तिघंही दाराकडं बघत बसलो.

कपबशांचा आवाज आला नाही. थोड्या वेळानं दूध करपल्याचा वास आला.

हनीफभाई उठायला लागले. सरांनी त्यांना हातानंच खाली बसवलं, आणि पुढचं प्रकरण सुरू केलं.